डांबर प्लांट सुरू करताय? आधी टाकीतलं पाणी बघा

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस आटोपतो आणि पालघर जिल्ह्यात महामार्गालगत, बोईसरच्या पूर्वेला दगडखाणींच्या आसऱ्याने, चार महिने ताडपत्रीखाली पडून असलेले हॉटमिक्स प्लांट पुन्हा धूर सोडू लागतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आता काँक्रीटचा थर चढतोय खरा. पण माहीम-केळव्याचे गावरस्ते, आतल्या तालुक्यांतले जिल्हा मार्ग आणि औद्योगिक वसाहतीबाहेरचे जोडरस्ते अजून डांबराचेच आहेत. कामं मार्चअखेर उरकायची असतात, बिलं अडकलेली असतात, जुना ऑपरेटर गावाहून परतलेला नसतो. मग जो हाताशी असेल त्याला पॅनेलवर बसवलं जातं.

आणि दर हंगामात तेच प्रश्न नव्याने येतात. टाकी किती तापवायची? बर्नर पेटतच नसेल तर किती वेळा बटण दाबायचं? हातावर डांबर उडालं तर ते डिझेलने पुसून काढायचं का? प्लांट एका कामापुरताच लावलाय, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र कशाला? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं इथेच देऊन टाकू: डिझेलने अजिबात पुसायचं नाही, आणि संमतीपत्र लागतंच. बाकीची उत्तरं सविस्तर.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. प्लांट पूर्ण लोडवर चालू असतो तेव्हा माणसं सावध असतात आणि सगळी यंत्रं आपापल्या जागी, आपापल्या तापमानाला असतात. घात होतो तो सुरू करताना, बंद करताना आणि काहीतरी उघडताना. म्हणून या लेखातला बराचसा भाग त्या तीन वेळांवरच आहे.

तुमचा प्लांट कोणता?

ड्रममिक्स प्लांटमध्ये खडी एकाच फिरत्या ड्रममध्ये सुकते, तापते आणि तिथेच पुढच्या भागात तिच्यावर डांबर पडतं. बॅचमिक्समध्ये ड्रम फक्त सुकवण्या-तापवण्यापुरता. खडी वर चढून जाळीवर चाळली जाते, वजन होऊन पगमिलमध्ये पडते आणि डांबर तिथे मिसळतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने फरक असा की ड्रममिक्समध्ये ज्योत आणि डांबर एकाच नळकांड्यात असतात. ज्योत लांबली तर डांबर जळून निळसर धूर येतो. बॅचमिक्समध्ये मनोरा उंच असतो, त्यामुळे पडण्याचा आणि पगमिलच्या पात्यांचा धोका जास्त. पालघरच्या लहान ठेकेदारांकडे बरेचदा सेकंडहँड प्लांट असतो आणि मॅन्युअल पहिल्या मालकाकडेच राहिलेलं असतं. उत्पादकाला फोन करून ते मागवून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसची 'आयआरसी:९०-२०१०' ही हॉटमिक्स प्लांटची निवड, चालवणं आणि देखभाल यांवरची मार्गदर्शिका आहे. तीही केबिनमध्ये ठेवा.

पावसाळ्यानंतरची पहिली तापवणी

या किनारपट्टीवर हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट फाटलेलं असेल, व्हेंटच्या तोंडावरची टोपी वाऱ्याने उडालेली असेल, तर त्यातलं थोडं पाणी आत गेलेलंच असतं. वरून डांबर घट्ट, काळं, निर्धोक दिसतं. पाणी कधी थरांमध्ये अडकलेलं असतं, कधी तळाशी कॉइलभोवती.

पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे पट जागा मागतं. तापल्या तेलाच्या कढईत ओला झारा बुडवल्यावर काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. इथे कढई वीस टनांची असते. डांबर फेसाळून झाकणातून, व्हेंटमधून बाहेर उसळतं आणि टाकीवर उभ्या माणसाला पळायला जागा नसते.

पहिल्या तापवणीचा क्रम असा ठेवा:

- तापवण्याआधी टाकीची पातळी डिपस्टिकने मोजा. मागच्या हंगामाच्या नोंदीपेक्षा पातळी वाढलेली दिसली, तर ते डांबर नाही, पाणी आहे.
- वर साचलेलं पाणी आधी काढून टाका. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर फेसाला जागा करा.
- कॉइल किंवा फायर ट्यूब डांबरात किमान १५० मिलिमीटर बुडालेली आहे ना, ते बघा. उघडी ट्यूब लालबुंद होते आणि वरची वाफ पेटवते.
- १०० अंशांच्या आसपास थांबा. फेस येतोय का, चरचर ऐकू येतेय का, बघा. ती पूर्ण थांबेपर्यंत तापमान वाढवू नका. यात अख्खा दिवस गेला तरी चालेल.
- तापवणी दिवसाउजेडी करा, माणूस सतत हजर ठेवा आणि टाकीच्या माथ्यावर कुणालाही उभं करू नका.

रात्री हीटर लावून सकाळी माल काढायचा, हा प्रकार चालू हंगामात चालून जातो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या तापवणीला तो कधीही करू नका.

समुद्राजवळच्या प्लांटला आणखी एक त्रास असतो, खारी हवा. माहीमच्या बाजूला चार महिने बंद राहिलेल्या पॅनेलची दारं उघडली की रिलेच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. थर्मोकपलच्या जोडात तो थर आला, तर केबिनमधला आकडा खोटा बोलतो. अर्थिंगचे खड्डे तपासून रोध मोजून घ्या आणि प्रत्येक तापमापक दुसऱ्या, हातातल्या तापमापकाशी पडताळून बघा.

टँकर आला की

मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीतून निघालेला टँकर इथे येतो तेव्हा डांबर अजून दीडशे अंशांच्या आसपास असतं. ड्रायव्हरला परत फिरायची घाई असते. पण नळी जोडण्याआधी चार गोष्टी तपासायच्याच: चलनावरची ग्रेड, आपल्या टाकीत खरोखर किती जागा आहे, नळीत पाणी आहे का, आणि टाकीत आधी काय होतं.

यात सगळ्यात वाईट चूक इमल्शनची. टॅक कोटसाठी आणलेल्या इमल्शनमध्ये पाण्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त असू शकतो. उरलेलं बॅरल 'डांबरच तर आहे' म्हणून गरम टाकीत ओतलं की टाकी उसळलीच म्हणून समजा. इमल्शनचे पिंप वेगळ्या रंगाने रंगवा आणि गरम टाकीपासून लांब ठेवा.

टाकीचं झाकण, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, चेहरा बाजूला ठेवून, हळू उघडा. आतल्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असा गैरसमज होतो.

आकडा हवा, अंदाज नको

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार (पाचवी आवृत्ती, २०१३) व्हीजी-३० डांबरासाठी आकडे असे:

- टाकीतलं डांबर: १५० ते १६५ अंश सेल्सिअस
- खडी: १५० ते १७० अंश
- तयार माल: १५० ते १६५ अंश
- पसरताना: किमान १४० अंश
- रोलिंगच्या वेळी: किमान ९० अंश

डांबर आणि खडी यांच्या तापमानात १४ अंशांपेक्षा जास्त तफावत नको, असंही त्यात बजावलं आहे. व्हीजी-४० साठी आकडे थोडे वर सरकतात. ते कंत्राटातूनच घ्या.

भारतीय मानकानुसार डांबराचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकेल असं तापमान, किमान २२० अंश असतो. म्हणजे १६५ वर बरंच अंतर शिल्लक आहे, असं वाटतं. पण पंप आणि पाइपलाइन डिझेलने धुऊन ते डिझेल टाकीतच सोडलं असेल, तर तो आकडा विसरा. थोडं डिझेलही फ्लॅश पॉइंट खाली आणतं.

लांबच्या कामाला माल पाठवताना ऑपरेटर तो मुद्दाम जास्त तापवतो, कारण रेल्वे फाटकावर आणि बोईसरच्या गर्दीत डंपर अडकतो. यात मालही जळतो आणि माणसंही धोक्यात येतात. उपाय साधा आहे: दोन ताडपत्र्या, बाजूने घट्ट बांधलेल्या, आणि गर्दीची वेळ टाळून केलेली फेरी. डंपरच्या हौद्याला माल चिकटू नये म्हणून डिझेल फवारणंही बंद करा. ते डांबर विरघळवतं, रस्ता खराब करतं, आणि दीडशे अंशांचा माल त्यावर पडला की त्याची वाफ होते.

ओल्या खडीचाही हिशेब एकदा करून बघा. १०० टन खडीत एक टक्का ओल म्हणजे एक हजार लिटर पाणी. ते तापवून उडवायला, कुठलीही गळती न धरता, सुमारे ७० लिटर डिझेल जळतं. कचेच्या ढिगावर शेड घातली तर तिचा खर्च निघायला वेळ लागत नाही. वर बर्नरवरचा ताण आणि बॅग फिल्टरमधला चिखल कमी होतो, तो वेगळाच.

बर्नर पेटवताना

ड्रममधला स्फोट बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होतो. बटण दाबलं, ज्योत आली नाही, पुन्हा दाबलं, पुन्हा नाही, तिसऱ्यांदा पेटलं. तोवर पहिल्या दोन खेपांचं तेल ड्रममध्ये वाफ होऊन बसलेलं असतं.

म्हणून:

1. आधी एक्झॉस्ट पंखा सुरू करा, डँपर उघडा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पूर्ण हवा खेळू द्या. हा वेळ कमी करायचा नाही, वरून कुणाचाही फोन आला तरी.
2. पायलट पेटवा, ज्योत स्थिर झाल्याची खात्री करा, मग मुख्य ज्योत सगळ्यात लहान ठेवून सुरू करा.
3. ज्योत आली नाही तर तेल बंद. पुन्हा पूर्ण वेळ हवा. मगच दुसरा प्रयत्न.
4. दुसऱ्यांदाही पेटला नाही तर बटण सोडा आणि कारण शोधा: नोझल, फिल्टर, तेलातलं पाणी, स्पार्क.
5. बर्नरच्या तोंडासमोर आणि ड्रमच्या दुसऱ्या टोकाला या वेळी कुणीही उभं राहू नये.

आता एका तारेबद्दल. बर्नरवर ज्योत ओळखणारा फोटोसेल असतो. काचेवर काजळी बसली की त्याला ज्योत दिसत नाही आणि तो बर्नर ट्रिप करतो. काच फडक्याने पुसायला दोन मिनिटं लागतात. ते करण्याऐवजी पॅनेलमध्ये बोटभर लांबीची तार टाकून फोटोसेल 'बायपास' केला जातो. तार सहसा लाल किंवा पिवळी असते, टोकं सोललेली, वर काळी चिकटपट्टी. त्यानंतर ज्योत विझली तरी तेल पडतच राहतं. प्लांट सेकंडहँड घेतला असेल तर पॅनेल उघडून अशा तारा शोधणं हे पहिलं काम. बर्नरच नव्हे, थर्मिक ऑइल हीटरचा लो-लेव्हल स्विच, पट्ट्याचा पुलकॉर्ड आणि पगमिलच्या दरवाजाचा स्विच यांनाही अशा तारा टाकलेल्या सापडतात.

बॅग फिल्टरकडे ऑपरेटरचं लक्ष सगळ्यात कमी असतं. अरामिड कापडाच्या बॅगा साधारण २०० अंशांपर्यंत टिकतात. आत येणारा वायू त्यापुढे गेला तर बॅगा करपतात. अर्धवट जळलेलं तेल त्यांच्यावर बसलं असेल तर पेटतात. उलट, थंड असतानाच ओली खडी सोडली तर वाफ बॅगेवर जमून धुळीचा चिखल होतो. सुरुवातीला थोडा वेळ रिकामा ड्रम हळूहळू तापवून मगच खडी सोडा.

जुनं इंजिन ऑइल किंवा टायर वितळवून काढलेलं तेल बर्नरला स्वस्त पडतं, हे खरं. पण वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्राशिवाय ते जाळणं गुन्हा आहे.

बंद करतानाची घाई

संध्याकाळी शेवटचा डंपर गेला की सगळ्यांना घरी जायचं असतं. खडी बंद करा, ड्रम रिकामा होऊ द्या, बर्नर बंद करा. पण ड्रम आणि पंखा चालूच ठेवा. गरम ड्रम थांबवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो. वाकलेला ड्रम रोलरवरून उड्या मारतो आणि मग रोलर, रिंग, साखळी सगळंच जातं. वीज गेल्यावर हेच घडतं, म्हणून ड्रमच्या मोटरपुरता तरी जनरेटर तयार हवा आणि तो आठवड्यातून एकदा लोडवर चालवून बघायला हवा.

पगमिल आणि सायलोमध्ये माल ठेवून जाऊ नका. डांबराचा पंप उलटा फिरवून लाइन रिकामी करा. सकाळी गोठलेला पाइप गॅसकटरच्या ज्योतीने तापवायची वेळच येऊ नये. तशी वेळ आलीच, तर आधी पाइपची दोन्ही टोकं मोकळी आहेत का बघा आणि उघड्या टोकाकडून आत तापवत जा. मधून तापवलं तर आतला दाब कुठेतरी फुटतो.

देखभाल: हात घालण्याआधी कुलूप

कुठलंही झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, आणि स्विचवर पाटी. दोन फिटर असतील तर दोन कुलपं. पॅनेलवर 'काम चालू आहे' असं खडूने लिहून भागत नाही. पगमिलमध्ये उतरायचं असेल तर पात्यांना लाकडी ठोकळा लावा आणि दरवाजाच्या हवेच्या सिलिंडरमधली हवाही सोडून द्या.

रोज:
- पट्ट्यांचे गार्ड, पुलकॉर्ड, आपत्कालीन बटणं
- तेल, डांबर, थर्मिक ऑइलची गळती. थर्मिक ऑइलच्या एक्सपान्शन टाकीची पातळी
- बर्नर, फोटोसेलची काच, तेलाचे फिल्टर

दर आठवड्याला:
- ड्रमचे सपोर्ट रोलर, थ्रस्ट रोलर, साखळीला वंगण
- बॅगांवरचा दाबातला फरक आणि फाटलेल्या बॅगा
- अग्निशामकांचा दाब आणि सील

हंगामातून एकदा:
- ड्रमच्या आतले फ्लाइट, जाळ्या, पगमिलची पाती
- टाकीच्या आतला कोक, कॉइलची जाडी, वजनकाट्यांचं कॅलिब्रेशन

टाकीत माणूस उतरवणं हे सगळ्यात जोखमीचं काम. टाकी पूर्ण थंड आणि हवेशीर करून, ऑक्सिजन व हायड्रोजन सल्फाइड मीटरने मोजून, कमरेला दोरी बांधून, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवून आणि लेखी परवानगी घेऊनच ते करा. आत नेण्याचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. आत कुणी कोसळलं तर बाहेरच्याने मागे उडी मारायची नाही; दोरी ओढायची आणि मदत बोलवायची. अशा घटनांत दुसरा बळी बरेचदा वाचवायला गेलेल्याचाच असतो.

आणि कपड्यांचं. हेल्परच्या गळ्यातला गमछा, मजूर बाईच्या साडीचा पदर किंवा ओढणी, पट्ट्याच्या शेपटाकडच्या पुलीपाशी धोकादायक ठरतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पँट बुटाच्या बाहेर, सहज झटकून काढता येतील असे सैल हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. नायलॉन-पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

डांबर अंगावर पडलं तर

1. भाजलेला भाग लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरा, २० मिनिटं. बर्फ नको.
2. चिकटलेलं डांबर ओढू नका. त्याच्यासोबत कातडी येते. थंड झालेलं डांबर जखमेवर राहिलं तरी चालतं. ते डॉक्टर काढतील.
3. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, थिनर, टूथपेस्ट, हळद, काहीही लावू नका.
4. बोट, मनगट किंवा हाताभोवती डांबराचं कडं झालं असेल तर सुजेबरोबर ते आवळतं आणि रक्तप्रवाह थांबतो. हे रुग्णालयात पहिल्या वाक्यात सांगा.
5. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, आणि थेट नेत्रतज्ज्ञ.

याचा अर्थ टाकीजवळ, पंपाजवळ आणि केबिनजवळ पाण्याचा नळ किंवा भरलेलं पिंप कायम हवं. मोठ्या भाजण्यासाठी पालघरच्या रुग्णाला बरेचदा मुंबई, ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर किंवा उत्तरेकडून सिल्वासा-वलसाड गाठावं लागतं. कुठे न्यायचं आणि कोणत्या रस्त्याने, हे अपघाताच्या दिवशी ठरवायचं नसतं. १०८ आणि ११२ सोबत जवळच्या रुग्णालयाचा नंबर केबिनच्या दारावर रंगवून ठेवा. कागद डकवला तर तो पहिल्या महिन्यात फाटतो.

आग लागली तर

पेटलेल्या डांबरावर किंवा थर्मिक ऑइलवर पाण्याचा झोत मारू नका; ते उडून पसरतं. हीटर आणि पंप बंद करा, टाकीची झाकणं लावा, ड्राय पावडर किंवा फोम वापरा, वाळूच्या बादल्या जवळ ठेवा. आग टाकीच्या आत असेल तर लढत बसू नका, माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. बोईसरला एमआयडीसीचं अग्निशमन केंद्र आहे. प्लांटचा नेमका पत्ता आणि आत येण्याचा रस्ता त्यांना हंगामाच्या सुरुवातीलाच कळवून ठेवा. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीत झालेल्या जीवघेण्या स्फोटाचा हादरा कित्येक किलोमीटरपर्यंत जाणवला होता, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

टाकीभोवती बांध का हवा, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २६ एप्रिल २०१८ रोजी विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर इथल्या रिफायनरीत स्फोट झाला. उडालेला तुकडा काही अंतरावरच्या डांबराच्या टाकीत घुसला, डांबर बाहेर वाहिलं आणि पेटलं ते सुमारे दोन तासांनी. सांडलेलं डांबर पेटलेलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

कागद कोणते लागतात

- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची, अशी दोन संमतीपत्रं. हॉटमिक्स प्लांट नारंगी वर्गात येतो. तात्पुरता असला तरी सूट नाही. मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं तारापूरसाठी वेगळी आहेत.
- जागेबद्दल तहसीलकडून लेखी खातरजमा. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासीची जमीन भाड्याने घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तोंडी करार टिकत नाही. 'पेसा' (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावात ग्रामसभेला डावलून पुढे जाऊ नका.
- जागा डहाणू तालुक्यात असेल तर अजून सावध राहा. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आहे आणि तिथल्या उद्योगांवर वेगळी बंधनं आहेत. पैसे गुंतवण्याआधी विचारा.
- डिझेलचा साठा २,५०० लिटरपेक्षा जास्त असेल किंवा एकाच भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त असेल, तर 'पेसो'चा (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा) परवाना. फर्नेस ऑइलसारख्या 'क' वर्गातल्या इंधनाला ही मर्यादा ४५,००० लिटर आहे.

कामगारांनो, तुमचे हक्क

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने घेतली. त्यानुसार नियुक्तिपत्र मिळणं, जादा कामाला दुप्पट दराने मजुरी मिळणं आणि कामातल्या धोक्यांची माहिती मागणं हा तुमचा हक्क आहे. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ते मालकाला आणि सोबतच निरीक्षकाला कळवता येतं. बायपासची तार दिसली तर तिचा फोटो तारखेसह ठेवा. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची. तुम्ही लेबर ठेकेदाराकडून आलात म्हणून ती संपत नाही. शिवाय वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. हजेरीचा पुरावा जपून ठेवा. परराज्यातून आलेल्यांनी तर नक्कीच.

डांबराच्या धुराबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रस्तेकामातल्या डांबराच्या धुराचा संपर्क 'कर्करोगाची शक्यता असलेला' या गटात ठेवला आहे. घाबरून जाण्याचं कारण नाही. पण धुराच्या दिशेला उभं राहून जेवायचं नाही आणि माल गरजेपेक्षा जास्त तापवायचा नाही, एवढं तर करता येतं.

शेजारच्या वाडीवाल्यांसाठी

माहीम-केळव्याच्या पानमळ्यांत किंवा चिकूच्या बागेत पानावर धुळीचा थर बसतो तेव्हा तक्रार कुठे करायची, हा प्रश्न वारंवार येतो. आधी प्लांटचं संमतीपत्र बघायला मागा. दाखवलं नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. संमतीपत्रात चिमणीची उंची, धूळ रोखण्याची यंत्रणा, कामाचे तास आणि धुराची मर्यादा लिहिलेली असते. पांढरी वाफ हा सहसा गुन्हा नसतो, ती खडीतली ओल असते. निळसर किंवा काळा धूर, रात्रीचं चोरून चालवणं आणि बॅग फिल्टर बंद ठेवून सोडलेली तपकिरी धूळ, यांचे वेळेसह फोटो काढा. दुपारी वारा समुद्राकडून आत वाहतो आणि रात्री बहुतेकदा उलटा, म्हणून धूळ कोणत्या वेळी पडते तेही लिहून ठेवा. तारापूर आधीच २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात सगळ्यात वरच्या क्रमांकावर होतं. त्यामुळे इथल्या तक्रारी किरकोळ म्हणून बाजूला सारता येत नाहीत. अर्ज मंडळाच्या तारापूर कार्यालयात द्या, एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, आणि दोन्हींवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नका.